मधल्या वयाची शाळा

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला "अमेरिकेत काय पाहिले ते सांगा" अशी आज्ञा केली, तेव्हाच मी त्यांना सांगून ठेवले की मी प्रवासवर्णन करणार नाही. नायगारा आपल्या लेकीसुनांनी आपणांस फोनवर इतक्या वेळा दाखवला आहे की त्याचे तुषार अंगावर उडायचे तेवढे बाकी आहेत. मी आज एका प्रकारच्या शाळेविषयी बोलणार आहे, आणि ती पाहून आल्यावर आपल्या अभ्यासवर्गाबद्दल माझ्या मनात जी उलथापालथ झाली तिच्याविषयी.

आपणांपैकी बऱ्याच जणींना आठवत असेल. मी जाण्यापूर्वीच्या सभेत या वर्गाबद्दल एक सूचना आली होती. सभागृहामागच्या खोलीत आपण पाचवी ते सातवीच्या मुलींचा वर्ग चालवतो. पटावर नावे चाळीस, हजर असतात अठरा-वीस. तेव्हा प्रवेशापूर्वी एक लहानशी परीक्षा घ्यावी आणि होतकरू मुलींनाच घ्यावे, म्हणजे श्रम वाया जाणार नाहीत, अशी ती सूचना. तिला अनुमोदनही मिळाले, आणि मी परत येईपर्यंत निर्णय तहकूब राहिला. तहकूब माझ्यासाठी राहिला, कारण ती सूचना मीच मांडली होती.

आता शाळेकडे वळते. अमेरिकेत 'चार्टर स्कूल' नावाचा एक प्रकार आहे. चार्टर म्हणजे सनद. इनामाच्या सनदा आपण ऐकून आहोत. ही शाळा चालवण्याची सनद. मिनेसोटा राज्याने १९९१ साली असा पहिला कायदा केला आणि पुढच्याच वर्षी तिथल्या सेंट पॉल शहरात पहिली सनदी शाळा उघडली. आपल्याकडची खासगी संस्थेची अनुदानित शाळा ही तिची लांबची बहीण म्हणता येईल. पैसा सरकारचा, कारभार संस्थेचा, हे दोघींत सारखे. परंतु आपल्याकडे अनुदान बव्हंशी शिक्षकांच्या मंजूर पदांवर मिळते, तिकडे मुलांच्या संख्येवर. शाळा किती तास भरावी, शिक्षक कसे नेमावेत, याबाबतचे पुष्कळ सरकारी नियम सनदी शाळेला माफ असतात. त्याच्या बदल्यात सनद ठराविक वर्षांचीच असते. मुले शिकली नाहीत तर ती पुन्हा मिळत नाही, शाळा बंद होऊ शकते. फी घ्यायची नाही. आणि मुख्य म्हणजे परीक्षा घेऊन हुशार तेवढी मुले वेचायची नाहीत. जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर चिठ्ठ्या टाकायच्या. ज्याची चिठ्ठी निघेल तो आत, मग तो वाचता येणारा असो की नसो.

हे मी पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला माझी सूचना आठवली, हे कबूल करते. पण लगेच मनात म्हटले, चिठ्ठ्या टाकणाऱ्यांना पुढे वर्गात काय भोगावे लागते ते पाहू तरी.

या शाळांत सर्वांत गाजलेली मालिका 'किप' या नावाची. 'नॉलेज इज पॉवर प्रोग्रॅम' या लांबलचक नावाची ती आद्याक्षरे. मायकेल फाइनबर्ग आणि डेव्हिड लेव्हिन हे दोन तरुण १९९२ साली, विशी नुकतीच ओलांडलेली असताना, टेक्सासमधल्या ह्यूस्टन शहरात गरीब वस्तीतल्या शाळांत शिकवायला आले. 'टीच फॉर अमेरिका' ही संस्था महाविद्यालयातून बाहेर पडलेल्या मुलांना दोन वर्षे अशा शाळांत पाठवते, तिच्यातर्फे ते आले होते. पहिले वर्ष दोघांचीही फजिती झाली. वर्ग ऐकेना. (आपण सगळ्या मास्तरणी यातून गेलो आहोत, फरक एवढाच की आपण ते कोणाला सांगत नाही.) लेव्हिनच्या शेजारच्याच वर्गात हॅरिएट बॉल नावाच्या एक कृष्णवर्णीय शिक्षिका होत्या, सहा फुटांहून उंच. त्यांच्या वर्गातून टाळ्या, ठेका आणि पाढ्यांची गाणी ऐकू येत, आणि त्याच वस्तीतली तीच मुले तिथे धडाधड गणिते सोडवीत. दोघे तरुण मुकाट्याने त्यांच्या वर्गात मागे जाऊन बसले. पुढे जे उभे राहिले त्याचे श्रेय ते दोघे या बाईंना देत आले. 'ज्ञान हीच शक्ती' हे नावसुद्धा बाईंच्या एका घोषगीतातून आलेले. २०११ साली बाई वारल्या. शेजारच्या वर्गात जाऊन शिकणे ही गोष्ट कोणत्याही देशात किती दुर्मिळ आहे, हे मला वेगळे सांगायला नको.

१९९४ साली त्या दोघांनी ह्यूस्टनमध्ये सुमारे पन्नास मुलांची पाचवी घेतली. दुसऱ्या वर्षी लेव्हिन न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात गेला आणि तिथे तशीच शाळा काढली. आधी सरकारी शाळेच्याच छपराखाली, नंतर सनद घेऊन. मुले बहुतेक कृष्णवर्णीय आणि स्पॅनिश बोलणाऱ्या घरांतली. वर्ग पाचवी ते आठवी. याला ते 'मिडल स्कूल' म्हणतात, मधली शाळा. आपल्याला मधली म्हटले की सुट्टीच आठवते!

मधले वयच का धरले, हे समजून घेण्यासारखे आहे. चौथीपर्यंत मूल वाचायला शिकते, पाचवीपासून ते वाचून शिकते. इतिहास वाचून, विज्ञान वाचून, गणितातले शाब्दिक उदाहरणसुद्धा वाचून. ज्याला वाचता येत नाही त्याला तोपर्यंत एकाच विषयात लंगडावे लागत होते, ते आता सर्वच विषयांत लंगडू लागते. त्यात हेच वय फुटू पाहण्याचे. आपल्यातल्या वयस्क भगिनींना व्हर्नाक्युलर फायनलचे दिवस ऐकून माहीत असतील. सातवी झाली की मुलगी घरी. सातवी पुरे म्हणून नव्हे, तर तेरा-चौदा हे वय 'पुरे' म्हणण्याचे म्हणून. आता कायद्याने चौदा वर्षांपर्यंत शिक्षण हा मुलांचा हक्क आहे; तरीपण दप्तर खांद्यावर असलेली मुलगी मनाने शाळेतून उठून गेलेली असते, हे आपण रोज पाहतो.

या शाळांनी उपाय काय केला? पहिला म्हणजे वेळ. सकाळी साडेसात ते संध्याकाळी पाच, वर काही शनिवार, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीतले तीन आठवडे. दुसरा, करारपत्र. शाळा सुरू होण्यापूर्वी शिक्षक मुलाच्या घरी जातो आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून एक कागद पुढे ठेवतो. त्यावर तीन सह्या: आईबापांची, मुलाची, आणि शिक्षकाची. मूल वेळेवर येईन म्हणते, आईबाप गृहपाठ पाहू म्हणतात. पण शिक्षकही लिहून देतो की मी वेळेवर येईन, आणि अभ्यासात अडले तर संध्याकाळी मला फोन करा. शिक्षकांचे फोन नंबर मुलांजवळ असतात, आणि मुले फोन करतात. माझी एकतीस वर्षे नोकरी झाली. पालकांच्या सह्या मी गोण्या भरून घेतल्या असतील. मी पालकांना एकदाही सही दिली नाही.

आणि तिसरा उपाय म्हणजे वळण. ऐकताना ताठ बसायचे, बोलणाऱ्याकडे पाहायचे, समजले की मान डोलवायची, शंका असेल तर विचारायची. हे सारे अक्षरशः शिकवतात, पाढ्यासारखे. आपल्या घरांत हे कोणी शिकवत नाही, कारण ते न शिकवताच येते. जेवताना आजोबा बोलत असले की नातवंडे त्यांच्याकडे पाहतात. ज्या घरी आईबाप दोन-दोन पाळ्या करून येतात तिथे हे कधी व्हायचे? तेव्हा शाळेनेच ते शिकवावे, असा विचार.

मुलीकडे न्यू जर्सीला होते तेव्हा तिच्या ओळखीच्या एका शिक्षिकेमुळे याच पठडीतली ब्राँक्समधली एक शाळा मला एक दिवस पाहायला मिळाली. जानेवारीचा महिना, बाहेर बर्फ. दारात मुख्याध्यापिका उभ्या, आणि आत येणाऱ्या प्रत्येक मुलाचा हात हातात घेऊन त्याचे नाव घेत होत्या. आपल्याकडे चारशे मुलांची नावे पाठ असलेल्या मुख्याध्यापिका मी दोनच पाहिल्या, आणि त्यातल्या एकींना ती नावे मुख्यतः रागावण्यासाठी पाठ होती.

पाचवीच्या गणिताच्या तासाला मी मागे बसले. अपूर्णांकांची बेरीज चालली होती. एका मुलीला बाईंनी उभे केले आणि ती अडली. आता काय होईल ते मला पाठ होते. "बैस खाली. पुढची सांग." पण बाई काही बोलल्याच नाहीत. वर्गात कोणी हात वर केला नाही. त्याऐवजी मुलांनी आपापली बोटे तिच्या दिशेने हळूहळू हलवायला सुरुवात केली, पाऊस पडतो तशी. आम्ही तुझ्याबरोबर आहोत, असा त्या खुणेचा अर्थ, हे मला मागाहून कळले. घड्याळात पाहिले नाही, पण मिनिटभर तरी गेले असेल. वर्गातला एक मिनिट किती लांब असतो ते शिकवणारीलाच ठाऊक. मुलगी छताकडे पाहत होती. मग तिने छेद सारखा केला आणि उत्तर सांगितले. बाईंनी शाबासकीसुद्धा दिली नाही, "तुझे पाऊल कोणते ते फळ्यावर दाखव" एवढेच म्हणाल्या.

भगिनींनो, मी त्या बाकावर बसून माझ्याच वर्गातली एक मुलगी पाहत होते. पंचवीस-सव्वीस वर्षांपूर्वीची सहावी. तिची आई आमच्या शाळेजवळच्या इमारतीत भांडी घासायची. मुलगी गणितात अडायची आणि मी तिला बसवायची. तिमाहीनंतर आई भेटायला आली, पदराला हात पुसत; आणि मी तिला समजुतीच्या सुरात सांगितले, "अहो, हिचे डोके अभ्यासाचे नाही. शिवणाच्या वर्गाला घाला, हाताशी काही कला तरी येईल." मला वाटले मी तिच्या हिताचे सांगते आहे. आईने मान डोलावली. सहामाहीनंतर मुलगी आली नाही. मी हजेरीपटावर तिच्या नावापुढे तांबडी रेघ मारली, अगदी सरळ, पट्टी लावून. आज ती कुठे आहे, काय करते, मला माहीत नाही. तिला मिनिटभर दिले असते तर उत्तर आले असते की नाही, हेही मला माहीत नाही, आणि ते आता कळायचे नाही.

पण त्या शाळेचे सगळेच मला भावले असे समजू नका. वर्गाबाहेरच्या बोळात जमिनीवर एक पट्टी चिकटवलेली होती, आणि मुले एका वर्गातून दुसऱ्या वर्गात जाताना त्या रेघेवरून, ओठ मिटून, एकामागे एक चालत. माझा नातू न्यू जर्सीत ज्या शाळेत जातो तिथे मुले बोळातून किलबिलत जातात आणि गालिच्यावर पालथी पडून गोष्टींची पुस्तके वाचतात. मी त्या शिक्षिकेला विचारले, की गरिबाच्या मुलाने रेघेवरून चालावे आणि सुखवस्तूच्या मुलाने लोळत वाचावे, हा न्याय कुठला? ती तरुण मुलगी विचारात पडली. म्हणाली, ही मुले ज्या शाळांतून येतात तिथला गोंधळ तुम्ही पाहिला नाही. आधी शांतता द्यावी लागते. तेही खोटे नसावे. पण माझा प्रश्न पुरता सुटला नाही.

आणखी एक प्रकार. आठवड्याच्या वागणुकीवर मुलांना खोटे डॉलर मिळतात. ते शाळेच्या दुकानात खर्च करता येतात, आणि सहलीला कोण जाणार हेही त्यावर ठरते. लेव्हिनने पुढे मानसशास्त्रज्ञांच्या मदतीने गुणांची एक यादी केली: उत्साह, चिकाटी, आत्मसंयम, आशावाद, कृतज्ञता, लोकव्यवहाराची जाण आणि जिज्ञासा. या सात गुणांचे एक प्रगतिपुस्तकच केले, पाचपैकी आकडे. यादीला माझा आक्षेप नाही. आपल्या आज्यांनी याहून फार वेगळी केली नसती. पण कृतज्ञतेला पाचपैकी तीन, म्हणजे काय हो? चिकाटीवरच्या संशोधनामुळे प्रसिद्ध झालेल्या अँजेला डकवर्थ या विदुषी त्या कामात होत्या. त्यांनीच २०१६ साली जाहीर लिहिले की चारित्र्याच्या अशा मोजमापांवरून शाळांचा दर्जा ठरवू नका. मापे अजून तेवढी भरवशाची नाहीत, असे त्यांचे म्हणणे.

सर्वांत बोलके आहे ते या संस्थेचे ब्रीदवाक्य. 'वर्क हार्ड, बी नाइस.' आपल्या बोलीत सांगायचे तर, 'कष्ट कर आणि गुणी राहा.' पंचवीसहून अधिक वर्षे ते वाक्य भिंतींवर, सदऱ्यांवर, वह्यांवर होते. २०२० साली मिनियापोलिस शहरात जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाचा पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेला आणि देशभर लोक रस्त्यावर आले. त्या उन्हाळ्यात संस्थेने आपले हे ब्रीद स्वतःहून रद्द केले. कारण असे दिले, की या वाक्याने मुलांना निमूटपणे वागायला शिकवले जाते, आणि नुसते कष्ट केले की सगळे मिळते असा भास होतो. वाटेत जो अन्याय उभा आहे त्याचे नावच त्यात नाही. तिकडे यावर वाद झाला. शिस्तीची टर उडवली जात आहे, असे काहींना वाटले. मला मात्र ते कारण एका क्षणात समजले, आणि इथे बसलेल्या प्रत्येकीला समजेल. 'कष्ट कर आणि गुणी राहा' हे वाक्य कोणत्याही शाळेत न जाता आपणां सर्वजणींना पाठ आहे! माहेरून निघताना आपल्याला दुसरे काय सांगितले होते? कष्ट आपण केले, गुणीही राहिलो. आणि त्या दोहोंनी काय मिळते व काय मिळत नाही, याचा हिशेब आपल्याइतका कोणाजवळ असणार?

आता फळ काय आले तेही सांगितले पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल बाईंनी नुसते गुणदोष मोजले. मॅथेमॅटिका नावाच्या स्वतंत्र संशोधन संस्थेने या शाळांचा बरीच वर्षे अभ्यास केला. २०१३ सालच्या अहवालात ४३ मधल्या शाळा पाहिल्या. तीन वर्षांनंतर तिथली मुले, इतर शाळांत गेलेल्या तशाच मुलांच्या मानाने, गणितात सुमारे ११ महिन्यांच्या आणि वाचनात सुमारे ८ महिन्यांच्या अभ्यासाइतकी पुढे होती. काही शाळांत तर चिठ्ठी निघालेल्या आणि न निघालेल्या मुलांची तुलना केली. म्हणजे हुशार तेवढी वेचली म्हणून असे झाले, असेही म्हणता येत नाही. गंमत अशी की मुलांनाच विचारले तेव्हा चिकाटी, आत्मसंयम वगैरेंत फारसा फरक दिसला नाही. कदाचित कडक शाळेतले मूल स्वतःलाही कडक माप लावत असेल. असो.

परंतु माझ्या दृष्टीने मोठी गोष्ट पुढेच आहे. २०११ साली संस्थेने स्वतःच जाहीर केले की त्यांच्या मधल्या शाळेतून निघालेल्या पहिल्या तुकड्यांपैकी चार वर्षांची पदवी पुरी केलेली मुले ३३ टक्के भरली. तिकडच्या गरीब घरांतल्या मुलांत एरवी हे प्रमाण जेमतेम ८ टक्क्यांच्या घरात होते, म्हणजे चौपट झाले. पण यांनी प्रत्येक मुलाला पदवीची स्वप्ने दाखवली होती. पाचवीच्या वर्गाला ते कॉलेजात जाणार त्या वर्षाच्या नावाने हाक मारीत. तेव्हा ३३ हा आकडा त्यांना कमी वाटला, आणि तो लपवला नाही याचे मला कौतुक वाटते. मुले कॉलेजात पोहोचत आणि पहिल्या-दुसऱ्या वर्षी गळत. मग संस्थेने आपली माध्यमिक विद्यालये वाढवली, कॉलेजात गेलेल्या मुलांच्या मागे माणसे ठेवली. २०२३ साली मॅथेमॅटिकाचा पुढचा अहवाल आला. नुसत्या मधल्या शाळेत शिकून बाहेर पडलेल्यांत पदवीच्या बाबतीत नाव घेण्याजोगा फरक आढळला नाही. पण जी मुले मधल्या शाळेतून त्याच संस्थेच्या माध्यमिक शाळेत गेली, त्यांच्यात पदवी पुरी करणाऱ्यांचे प्रमाण शेकडा १९ ने जास्त निघाले, जवळजवळ दुप्पट. आठवीला हात सोडला तर सोडल्यासारखे होते, आणि आपण तर सातवीला सोडतो.

दुसरी बाजूही आहे. इतक्या तासांनी शिक्षक थकतात आणि चार-दोन वर्षांत निघून जातात, ही तिकडची जुनी तक्रार आहे. चिठ्ठीत नाव घालायचे तरी आईबापांना अर्ज करावा लागतो. जिला अर्ज करायलाही सवड नाही त्या आईचे मूल या शाळेलाही दिसत नाही. आपल्याकडे मुंबई-पुण्याच्या महानगरपालिकांच्या शाळांत शाहीन मिस्त्रींच्या आकांक्षा फाउंडेशनने २००७ पासून पालिकेशी भागीदारी करून शाळा चालवल्या आहेत, त्या याच्या जवळच्या. पण या अर्जाच्या प्रश्नाचे सर्वांत जुने उत्तर मला आपल्याच ताराबाई मोडकांकडे सापडते. १९४५ साली त्यांनी बोर्डीला काम सुरू केले आणि अनुताई वाघांसह बालवाडी मुलांच्या अंगणात नेली. मुले येत नाहीत म्हणून हजेरीपटावर रेघ मारली नाही. घरी गेल्या, आंघोळी घातल्या, आणि तिथेच शिकवले.

म्हणून परत आल्यावर मी एक केले. आपल्या वर्गाचा हजेरीपट काखेत घेऊन मागच्या वस्तीत गेले आणि सतत गैरहजर असलेल्या अकरा मुलींच्या घरी जाऊन बसले. इतकी वर्षे तो बोळ मी खिडकीतून पाहत होते, आत पहिल्यांदा शिरले. अकरांपैकी सात घरी एकच उत्तर मिळाले. नळाला पाणी साडेपाचला येते. आपला वर्ग पाच ते साडेसहा. हंडे भरायचे ते मुलीनेच, कारण आई त्या वेळी कामावर असते. आणि कुठे असते, भगिनींनो? त्यांपैकी चौघी जणी त्या वेळी आपल्याच इमारतींत, आपल्याच ओट्याशी उभ्या असतात. दोन मुली धाकट्या भावंडांसाठी थांबतात. एकीला चष्मा हवा आहे. आणि अकरावी, तिने आईकडे पाहिले आणि गप्प राहिली; तिचे मला अजून कळलेले नाही.

वर्गाची पाचची वेळ आपण का ठरवली? कार्यवृत्त काढून पाहिले. साडेसहानंतर आपणांस घरी स्वयंपाक असतो म्हणून. तसे लिहिलेलेच आहे, माझ्याच अक्षरात.

तेव्हा परीक्षा घेऊन होतकरू मुली निवडण्याची माझी सूचना मी सभेच्या परवानगीने परत घेते आहे. तिच्या जागी येत्या मंगळवारी कार्यकारी मंडळापुढे तीन गोष्टी ठेवणार आहे. वर्ग सात ते साडेआठ करावा. जागांपेक्षा मुली जास्त झाल्या तर चिठ्ठ्या टाकाव्यात, पण त्याआधी आपण घरोघर जाऊन नावे घ्यावीत. आणि सातवी झालेल्या मुलींना दहावीपर्यंत वर्ग खुला ठेवावा. सातची वेळ आपल्यापैकी पुष्कळ जणींना अडचणीची आहे, हे मी जाणते. माझ्या घरी आजपर्यंत आठला पाने घेतली जातात. यजमानांशी बोलणे झाले आहे. त्यांनी कुकर लावायचे पत्करले आहे, भात कसा होतो ते पाहू. खर्चाचा प्रश्न खजिनदारबाई काढतीलच, आणि तो काढलाच पाहिजे. विजेचे बिल वाढेल.

चौथी गोष्ट ठरावाची नाही, म्हणून इथेच सांगते. दाराजवळच्या टेबलावर एक वही ठेवली आहे. मुलींना अभ्यासात अडले तर संध्याकाळी फोन करता यावा, यासाठी ज्यांना आपला नंबर द्यायचा असेल त्यांनी वार आणि वेळ लिहावी. पहिले नाव माझे आहे, सोमवार आणि गुरुवार, रात्री नऊपर्यंत. "आम्हाला आताचे गणित येत नाही" असे म्हणून मागे सरू नका. मलाही नव्या पुस्तकातली भूमिती पुन्हा वाचावी लागते आहे. फोन उचलणारीला उत्तर आलेच पाहिजे असे नाही. "थांब, आपण दोघी मिळून बघू" एवढे म्हणून ओळीवर थांबता आले तरी चालेल. वहीला पेन दोऱ्याने बांधले आहे, कृपा करून ते नेऊ नका. चहा आतल्या खोलीत तयार आहे.